पहिली पंगत भुंग्यांची

आमच्या घरमालकांनी कुलूप ओढून ओढून तोडलं, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी तिखटमीठ लावते. नाही हो लावत. बाहेर जाताना कुलूप घालायचं, ओढून पाहायचं, फाटकापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा ओढायचं. एक दिवस ते बिचारं कडीकोयंड्यासकट त्यांच्या हातात आलं. त्यावर म्हणाले काय? "पाह्य, मी म्हनत होतो ना, हे कुलूप कच्चं आहे म्हून!"

आम्ही त्यांना काका म्हणायचो. नागपूरच्या सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे त्यांचं कौलारू घर होतं. पुढे ओसरी, मागे मोठं आवार, आणि आवारातल्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने दिलेल्या. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे, तेव्हा तिकडे घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. काकांचा जन्म रेल्वेच्या फाटकावर गेला. गाडी आली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं. बायको ते रिटायर व्हायच्या आधीच गेली, मूलबाळ नव्हतं. नोकरी सुटली पण फाटक काही सुटलं नाही. लांबून इंजिनची शिटी ऐकू आली की काका बोलता बोलता गप्प व्हायचे, आणि गाडी निघून गेली असेल असं वाटलं की राहिलेलं वाक्य पुरं करायचे. आपण तोवर ताटकळत उभं राहायचं.

त्यांचं एक ठरलेलं पालुपद होतं. "स्टोव्ह बंद केला का वं? आपलं इचारून ठेवलेलं बरं." "इहिरीवरचं झाकन लावलं का वं? आपलं इचारून ठेवलेलं बरं." दिवसातून किती वेळा ते ऐकावं लागायचं, त्याला गणती नव्हती. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. मी मूळची फटकळ. एकदा मी सरळ म्हटलं, "काका, मी श्वास घेतला का, ते पण विचारून ठेवा." तर खरंच काळजीने म्हणाले, "काहून वं? दम लागून राहिला काय?" आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

पुढे मलाच त्यांच्या विचारण्याची सवय झाली. खरं सांगायचं तर आधार वाटायला लागला. माझं पहिलं बाळंतपण सातव्या महिन्यातच आटोपलं होतं, पोर हाती लागलं नव्हतं. आमचे हे बियाण्यांच्या कंपनीत, कायम फिरतीवर. आज यवतमाळ, उद्या पुसद. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी काकांपेक्षा जास्त घाबरट झाले होते. उठताना भीती, बसताना भीती, ठेच लागली तरी पोटावर हात जायचा. एका आवारात दोघं काळजीवाले, आणि दोघंही एकमेकांना धीर देणार. बघण्यासारखं असेल ते.

या माणसाला कशाचीच काळजी वाटत नाही असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे ओसरीचा वासा. त्या वाशाला काळ्या भुंग्यांनी भोकं पाडली होती. चांगली बोट जाईल एवढी गोल भोकं. वर भुंगी लाकूड कोरत बसली की भुसा खाली काकांच्या खाटेवर पडायचा. दुसरा कोणी असता तर त्याने घासलेट ओतलं असतं. काका खाटेवर वर्तमानपत्र पसरायचे, आणि संध्याकाळी ते झटकून पुन्हा पसरायचे. आमचे हे म्हणाले, "काका, एक दिवस छप्पर अंगावर येईल." तर, "येऊ दे गा. तिनं घर कुठं बांधाव मंग?" रात्रंदिवस कुलपं ओढणारा माणूस स्वतःच्या छपराबद्दल असं बोलायचा.

भुंगीचं त्यांना फार वाटायचं. "एकटी राह्यते ते. कोनी नाही तिले. आपली आपन फुलातून आनते, लेकरापुरता गोळा करून ठेवते अन् दार लिंपून टाकते. कोठार नाही, काही नाही. एक दिवस नाही भेटलं तं उपाशी." हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आवारातला शेवगा, करंज, कुंपणाला लावलेली तूर, सगळं काही या भुंग्यांसाठी. म्हणजे शेंगा आम्हीच खायचो, पण म्हणायचं भुंग्यांसाठी.

या कळवळ्याचं मूळ मला एका पोळ्याच्या सणाला कळलं. सणावाराला काका आमच्याकडे जेवायचे. पाटावर बसायच्या आधी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन पातेल्यात डोकवायचे. मला राग आला. वाटलं, हा माणूस माझा स्वयंपाक तपासतोय की काय! शिवाय एकदा वाढलं की पानावर हात आडवा धरायचे तो शेवटपर्यंत. काही वाढायला गेलं की "बस, बस, मागच्यायले राहू दे." मागचे कोण? मागची एकटी मी. शेवटी न राहवून विचारलं, तेव्हा बोलले. आईबाप लहानपणी गेले, मामाकडे वाढले. मोठं खटलं. घरातली मुलं, गडी, आलेगेले, सगळे जेवून उठले की या पोराला पान. "मी उंबऱ्यावर बसून पातेल्याकडे पाहत राहो. पाहुने आले की माह्यं पान अजून मागं जाये. लोकायले पाहुने पाहून खुशी होते, मले रडू येये." वरण थंड झालं तरी कालवत बसले.

आता अशा माणसाच्या आवारात आमच्या ह्यांनी मधमाश्यांची पेटी आणायचं काढलं!

ह्यांना फिरतीवर कुणीतरी मधपाळ भेटला होता. त्याने ह्यांच्या डोक्यात भरवून दिलं की घरामागे पेटी ठेवा, शेंगा दुप्पट धरतील, मध मिळेल तो वेगळाच. हे म्हणजे एकदा मनात घेतलं की संपलं. काकांना विचारलं, तर काकांचा चेहरा पांढराफटक. "किती जनी असतीन गा त्याच्यात?"

"हजारोंनी असतात काका."

"हजारोंनी! अन् माह्या भुंग्या चारच. हे तं वऱ्हाडच उतरून राहिलं. मंग घरच्यायनं काय खावं?"

"अहो काका, फुलं काय कमी आहेत? आणि या सातेरी माश्या आहेत, इथल्याच. जंगलात झाडाच्या ढोलीत राहतात."

"जंगलातल्या जंगलात असतीन. पेटीत बसून मोटारीनं आल्या म्हंजे त्या पाहुन्याच."

आठ-पंधरा दिवस हाच घोळ चालला. काका अंगणात उभे राहून झाडाकडे बघायचे, मनाशी हिशेब करायचे, आणि येऊन म्हणायचे, "नाही पुरन गा." शेवटी त्यांनीच तोड काढली. पेटी आणा, पण पहिली पंगत भुंग्यांची. सकाळी पेटीच्या दाराला बारीक जाळी लावायची. घरचे भुंगे जेवून घेतील, ऊन आवारातल्या कडुनिंबाच्या शेंड्यावरून खाली उतरेल, मग जाळी काढायची. आणि हे काम काका स्वतः करणार. दुसऱ्या कुणाच्या हाताचा भरवसा नाही.

हे हसले. म्हणाले, थंडीत माश्या तशाही उशिरानेच निघतात, काय बिघडतं? दिवाळीनंतर पेटी आली. कुंपणाची तूर पिवळीधमक फुलली होती. पहाटेच काका जाळी लावून, मफलर गुंडाळून पेटीशेजारी स्टुलावर बसायचे. आतून गुणगुण चालू, काका बाहेरून समजूत घालतायत, "थांबा बाप्पा, थांबा. घरचे जेवून राहिले." निंबावर ऊन उतरलं की उठून जाळी काढायचे, आणि ती काढताना छाती अशी फुगायची की जणू मेलगाडीच सोडतायत. मी हसून लोटपोट व्हायची.

पण एवढं करून जिवाला स्वस्थता होती का? छे! दिवसभर तुरीजवळ पहारा. एकदा धावत माझ्या दारात आले, धाप लागलेली. "आली अन् तशीच गेली वं! फुलावर माशी बसली होती, भुंगी तिले पाहून उपाशी गेली!" मी पिठाच्या हाताने बाहेर गेले. भुंगी दोन हातांवर दुसऱ्या फुलावर बसून आरामात खात होती. मी दाखवलं. काका म्हणाले, "हो. पन तिच्या मनाले लागलं असन ना?"

ह्यांनी त्यांना समजावलं होतं की तुरीचं फूल घट्ट मिटलेलं असतं, भुंगा जड, त्याच्या वजनाने ते उघडतं, मग माशीलाही आयतं मिळतं. म्हणजे भुंग्यांमुळे माश्यांचं भलंच होतं. हे ऐकून काका शांत होतील असं वाटलं होतं. तर म्हणाले, "वा रे वा! फूल उघडाव घरच्यानं अन् खाव पाहुन्यानं!"

माघ संपला, शेवगा फुलून झडला, चैत्रात करंज फुलला. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. सकाळी आठालाच अंगण तापायला लागलं. तेव्हा मात्र हे गंभीर झाले. पेटीजवळ उभे राहून त्यांनी काकांना बजावलं, मी तिथेच होते. "काका, आता जाळी लावणं बंद करा. माश्या आत पंख हलवून हलवून पेटी गार ठेवतात, पाणी आणतात. दार बंद राहिलं आणि ऊन चढलं तर आतल्या आत उकडून मरतील. दुपारपर्यंत एक उरणार नाही."

काकांनी जाळीची वेळ अलीकडे आणली. निंबाच्या शेंड्याला ऊन लागलं की लगेच काढायची. पण सोडायला तयार नाहीत. "करंजाच्या फुलाले सगळ्यात जास्त गर्दी राह्यते गा. आताच तं पंगत सांभाळाव लागते." हे चिडले, तर काका पहिल्यांदाच जरा ताठ झाले. "इतक्या वर्सात एक गाडी माह्या हातानं चुकली नाही. फाटक लावलं तं उघडाले मी हजर. तू फिकीर नको करू." त्याला काय बोलणार? कुलूप तुटेपर्यंत ओढणारा माणूस. जाळी काढायची विसरेल, हे आमच्या स्वप्नातही आलं नसतं. हे निर्धास्तपणे पुसदला गेले.

दुसऱ्याच दिवशी, अजून बाहेर नीट उजाडलं नव्हतं, माझ्या कमरेतून कळ आली. दिवस भरायला अवकाश होता. अंगावरून रक्त जायला लागलं. पहिल्या खेपेला असंच झालं होतं, अगदी असंच. मी हाक मारली ती कशी मारली, देवाला ठाऊक. काका पेटीशीच होते, नुकतीच जाळी लावून स्टुलावर टेकलेले. ते दारात आले, माझ्याकडे पाहिलं, आणि एकही प्रश्न विचारला नाही. तसेच अनवाणी धावत सायकलरिक्षा घेऊन आले.

धंतोलीच्या दवाखान्यापर्यंतचा तो रस्ता मला आजही नको वाटतो. मी सीटवर आडवी, काका खाली पायाशी बसलेले, एका हाताने रिक्षाची दांडी धरलेली, दुसऱ्या हाताने मला सावरलेलं. प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्यावर ओरडायचे, "धीरे भाई, धीरे! लेकरू है पेट में!" आणि मला म्हणायचे, "काही होत नाही वं पोरी. काही होत नाही." जन्मभर काहीतरी होईल म्हणून धास्तावणारा माणूस मला सांगत होता की काही होत नाही. मला तेव्हा खरी भीती वाटली.

त्या दिवशी काकांनी कुलूप ओढून पाहिलं नाही. घराला कुलूप लावलंच नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरचं माणूस कोण? काका म्हणाले, मी. बाईंनी सांगितलं, कुठे जाऊ नका, रक्त लागेल, औषधं लागतील, कधी हाक मारू सांगता येत नाही. यापुढचं मी पाहिलेलं नाही. मला ते तिथल्या आयाबाईंनी नंतर सांगितलं. अकराच्या सुमारास काका बाकावरून ताडकन उठले, "जाळी!" म्हणून ओरडले. आयाबाईंना वाटलं, म्हाताऱ्याला काही झटका आला. ते धावत बाहेर गेले, आयाबाई त्यांच्या मागोमाग. बाहेर एक रिक्षावाला उभा होता, त्याला हातापाया पडून म्हणाले, सक्करदऱ्याला जा, आवारात पेटी आहे, तिच्या तोंडची जाळी तेवढी काढ. रिक्षावाल्याने विचारलं, पेटीत काय? काकांना खोटं बोलता येत नव्हतं. मधमाश्या म्हटल्यावर तो कानाला हात लावून निघून गेला. मग काका स्वतःच दुसऱ्या रिक्षात चढले. चढले, आणि रिक्षा वळायच्या आत उतरले. ऊन मी म्हणत होतं. फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे बघत राहिले, मग परत येऊन बाकावर बसले. थोड्याच वेळाने बाईंनी रक्तासाठी हाक मारली तेव्हा समोर माणूस हजर होता.

पोरगी दुपारी झाली. किडमिडी, पण रडली. तिचं ते रडणं ऐकून मी जे रडले, ते थांबेचना. काकांनी दाराबाहेरूनच विचारलं, "दोघी बऱ्या आहेत ना? आपलं इचारून ठेवलेलं बरं." बऱ्या आहेत म्हटल्यावर ते पोरीचं तोंडही न बघता निघून गेले.

हे दुसऱ्या दिवशी आले. पोरीला घेऊन बसले, हसले, मग कपडे आणायला घरी गेले आणि परत आले ते तोंड मिटूनच. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "पेटी गेली." आतलं मेणाचं पोळं उन्हाने वितळलं होतं, खाली मधाचा ओघळ, त्याला मुंग्या. जाळीच्या आतल्या बाजूला माश्यांचा खच. सगळ्या दाराशी येऊन मेल्या होत्या. कुशीत पोर, आणि मला त्या पेटीतल्या गुणगुणीचा आवाज आठवत राहिला. हे काकांवर रागावले नाहीत. पण काकांशी बोललेही नाहीत. आयाबाईंची हकिकत मी सांगितली तेव्हा ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

मी घरी आले तेव्हा काका ओसरीत पाठमोरे बसलेले. पेटी धुऊन पुसून भिंतीशी ठेवली होती. मी पोरीला घेऊन त्यांच्यापुढे जाऊन बसले, म्हटलं, आता तरी बघा हिच्याकडे. त्यांनी पाहिलं, बोट पुढे केलं, मग मागे घेतलं.

"मले हेच पाह्यजे होतं ना वं," ते म्हणाले. "आता सगळी फुलं घरच्यायची. मी रोज पाहून राहिलो करंजाखाली. भुंग्या येतात, पहिले जेवढं खात होत्या तेवढंच खातात. एक घास जास्त नाही. बाकी फुलं तशीच्या तशी गळून जातात. पुरत होतं वं सगळ्यायले. मीच उंबऱ्यावर बसून भेत राह्यलो."

मला वाटलं, चला, एक काळजी तरी मिटली. पण काका ते काका. लगेच म्हणाले, "यंदा पुरलं म्हना. एखाद्या साली फूलच कमी आलं, तं मंग?"

बारशाला अंगणात पंगत होती. काका नेहमीप्रमाणे चुलीकडच्या कोपऱ्यात, "मी मागून बसन" म्हणत उभे. मी पोर खांद्यावर टाकून त्यांच्यासमोर गेले. "काका, तुम्ही पहिल्या पंगतीत, पहिल्या पाटावर. तुम्ही बसल्याशिवाय कुणाच्या पानात मीठ पडणार नाही, सांगून ठेवते." माझा आवाज ऐकून चारचौघं बघायला लागली, तेव्हा बसले. तेही पाटाच्या कडेला, उठायच्या तयारीने.

वाढायला हे होते. दोघांमध्ये त्या दिवसापासून पेटीचा शब्द निघाला नव्हता. ह्यांनी काकांच्या पानात वडाभात वाढला, वर फोडणीचं तेल घातलं, आणि पुन्हा वाढायला वाकले. काकांचा हात नेहमीसारखा पानावर आडवा.

"बस गा, बस. मागच्यायले पुरन ना?"

"पुरेल काका," हे म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दिवाळीनंतर दुसरी पेटी आणतो आहे. जाळी लावायची नाही."

काकांचा हात पानावरच राहिला. लांब कुठेतरी शिटी वाजली, ते गप्प झाले, आम्ही सगळे थांबलो. हे पातेलं घेऊन तसेच वाकलेले.

"मंग कुंपनाले तूर दोन रांगा लावाव लागन," काका म्हणाले. "अन् तिकडच्या अंगाले तीळ पेरू. अन् तुह्या बायकोले सांगून ठेव, कोथिंबीर सगळी खुडाची नाही, अर्धी फुलावर येऊ द्याची."

"सांगतो."

"वाढ गा मंग," काका म्हणाले, आणि त्यांनी पानावरचा हात काढला.